विश्लेषण : नखावरची काळी रेघ साधी की कर्करोगाची? फरक कसा ओळखावा?

नखावर उमटलेली काळी किंवा तपकिरी उभी रेघ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. क्वचित मात्र तीच मेलॅनोमा या त्वचेच्या आक्रमक कर्करोगाची पहिली खूण ठरते. हा कर्करोग दुर्मीळ आहे आणि अगदी सुरुवातीला सापडला तर शस्त्रक्रियेने जवळपास पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर आधी बोट आणि मग जीव धोक्यात येतो. म्हणूनच कोणत्या रेघेकडे निर्धास्तपणे पाहायचे आणि कोणती तज्ज्ञाला दाखवायची, हे माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

हा विषय चर्चेत का?

नखावरील काळ्या रेघेची छायाचित्रे आणि ‘अशी रेघ दिसली तर कर्करोग समजा’ असे बजावणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरत असतात. अमेरिकेतील २०१८ सालच्या ‘मिस इलिनॉय यूएसए’ करोलिना जास्को यांनी आपल्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाल्याचे जाहीरपणे सांगितले होते. नखांवर कृत्रिम नखे बसवलेली असल्याने खालची काळी रेघ त्यांच्या लक्षात आली नव्हती. त्यानंतर नेल सलून आणि तिथले अतिनील किरणांचे दिवे यांविषयी प्रश्न विचारले जाऊ लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय महासंघाने जेल नेलपॉलिशमधील ‘टीपीओ’ या रसायनावर बंदी घातली, तेव्हा ही चर्चा पुन्हा रंगली.

या चर्चेचे दोन्ही टोकांचे परिणाम दिसतात. एकीकडे साध्या डागाने घाबरून जाणारे लोक आहेत. दुसरीकडे, ‘बुटाने नख काळे पडले असेल’ म्हणत वर्ष-दोन वर्षे काढणारेही आहेत. धोका दुसऱ्या गटाला अधिक आहे.

नखाला रंग येतो कुठून?

नख तयार होते ते त्याच्या मुळाशी, म्हणजे बोटाच्या त्वचेखाली झाकलेल्या भागात. काही नखांच्या तळाशी दिसणारा पांढरट अर्धचंद्र हा या मुळाचाच दिसणारा भाग असतो. तिथे नव्या पेशी तयार होतात, कडक होतात आणि पुढे ढकलल्या जातात. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत पोहोचायला सुमारे सहा महिने घेते. पायाचे नख त्याच्या निम्म्या वेगाने वाढते. अंगठ्याचे पूर्ण नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागते.

याच मुळात मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीही असतात. एरवी त्या सुप्त असतात, म्हणून नख पारदर्शक दिसते. मुळातील एखाद्या जागी या पेशी जाग्या झाल्या किंवा त्यांची संख्या वाढली, की तिथून बाहेर पडणाऱ्या नखात रंग मिसळत जातो. नख पुढे सरकत राहते आणि रंग एकाच जागेतून मिळत राहतो. त्यामुळे ठिपका न उमटता मुळापासून टोकापर्यंत सलग उभी रेघ उमटते. वैद्यकीय भाषेत तिला ‘मेलॅनोनिकिया’ म्हणतात. हे आजाराचे नाव नाही, केवळ दिसणाऱ्या खुणेचे नाव आहे.

मग अशी प्रत्येक रेघ धोकादायक असते का?

नाही. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांत अशा रेघा सर्रास आढळतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत पन्नाशीनंतर जवळपास प्रत्येकाच्या एखाद्या तरी नखावर रेघ असते. जपानी लोकांत हे प्रमाण १० ते २० टक्के आहे. भारतीयांतही अशा रेघा नवीन नाहीत. अनेक बोटांवर, फिक्या आणि समान रंगाच्या, वर्षानुवर्षे तशाच असलेल्या रेघा सहसा वर्णाचाच भाग असतात.

इतर कारणेही अनेक आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत नखे आणि बोटांचे सांधे काळवंडतात. शाकाहारी लोकांत ही कमतरता बऱ्याचदा आढळते आणि उपचारांनंतर रंग निवळतो. गरोदरपणात किंवा अ‍ॅडिसन आजारासारख्या ग्रंथींच्या विकारातही रेघा येऊ शकतात. घट्ट बुटांमुळे पायाची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचे नख सतत घासले जाऊन काळे पडते. बुरशीच्या संसर्गाने नख जाड, ठिसूळ, पिवळट किंवा काळपट होते. सतत पाण्यात हात असणाऱ्यांना होणाऱ्या जिवाणूसंसर्गाने ते हिरवट दिसते.

औषधांचाही परिणाम होतो. कर्करोगावरील काही केमोथेरपी औषधे आणि एचआयव्हीवरील झिडोव्ह्युडीन यांमुळे नखांवर पट्टे उमटतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांना दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषधही नखांना काळसर करते. अशा वेळी रंग बहुधा अनेक नखांवर एकदम येतो. त्याला घाबरून औषध स्वतःहून बंद करणे चुकीचे ठरेल.

बाहेरचा डाग आणि आतली रेघ कशी वेगळी करायची?

मतदान केलेल्या प्रत्येकाने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या बोटावर पाहिलेले असते. तर्जनीवर लावलेल्या शाईतील सिल्व्हर नायट्रेटने नख काळे होते. त्वचेवरचा डाग काही दिवसांत जातो, नखावरचा मात्र राहतो. काही आठवड्यांनी मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते आणि डाग हळूहळू टोकाकडे सरकतो. शेवटी तो नखाबरोबर कापला जातो. मेंदी, हळद, केसांचा कलप, काजूच्या टरफलाचे तेल यांचे डाग असेच वागतात. रंग नखाच्या वरच्या थरावर असतो आणि त्याची कड त्वचेच्या कडेला समांतर असते.

ठेच लागून किंवा दारात बोट सापडून नखाखाली रक्त साकळते, तेव्हाही हेच घडते. सुरुवातीला जांभळा-काळा असलेला डाग नख वाढेल तसा पुढे सरकतो आणि त्याच्या मागे स्वच्छ नख येते. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या पायांची नखे अशीच काळी पडतात.

मेलॅनोमाची रेघ पुढे सरकून जात नाही. तिचा उगम मुळात असल्याने नख कितीही वाढले, कितीही कापले तरी मुळाशी रंग कायम राहतो. तो बहुधा काळानुसार वाढतोच. म्हणून डागाची सीमा कुठे आहे ते पाहून दोन-तीन महिने छायाचित्रे काढणे, ही घरच्या घरी करता येण्याजोगी साधी तपासणी आहे. मार लागल्याची आठवण असली तरी डाग पुढे सरकत नसेल, तर त्या आठवणीवर विसंबू नये. रक्त साकळल्यामुळे त्याखालचा मेलॅनोमा झाकला गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

धोक्याच्या खुणा कोणत्या?

डॉक्टरांनी या खुणा इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या सहा अक्षरांत बांधल्या आहेत. २००० साली मांडलेले हे सूत्र आजही वापरले जाते. त्याचा मराठीत सारांश असा :

वय : पन्नास ते सत्तर या वयात नव्याने आलेली रेघ अधिक काळजीची. लहान मुलांच्या नखावरील रेघा बहुतांश निरुपद्रवी असतात, मात्र त्यांचीही एकदा तपासणी करून घ्यावी.

रुंदी आणि कडा : तीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, तपकिरी-काळी, पुसट आणि वेड्यावाकड्या कडांची, एकाच पट्ट्यात गडद-फिक्या छटा असलेली रेघ. मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद रेघ म्हणजे ती वाढत असल्याची खूण.

बदल : काही महिन्यांत रेघ रुंदावणे किंवा गडद होणे, नख चिरणे, पातळ होणे किंवा उचलले जाणे, योग्य उपचार करूनही नख न सुधारणे.

बोट : हाताचा अंगठा आणि पायाचा अंगठा या सर्वाधिक धोक्याच्या जागा, त्यानंतर तर्जनी. अनेक बोटांवरील रेघांपेक्षा एकाच बोटावरची एकच रेघ अधिक संशयास्पद.

पसरणे : काळा रंग नखाबाहेर, मुळाच्या किंवा बाजूच्या त्वचेवर किंवा बोटाच्या टोकावर दिसणे.

घरातील इतिहास : स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला मेलॅनोमा झालेला असणे.

यांतील पाचवी खूण सर्वांत जुनी आहे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये या आजाराचे वर्णन ‘काळे नखुरडे’ अशा अर्थाच्या शब्दांत केले. नखाबाहेरच्या त्वचेवर पसरलेल्या रंगाला आजही ‘हचिन्सन खूण’ म्हणतात. अर्थात, नखाच्या मुळावरची त्वचा पातळ असल्याने खालचा रंग कधीकधी तिच्यातून आरपार दिसतो आणि सावळ्या त्वचेत नखाभोवतीची त्वचा मुळातच गडद असू शकते. त्यामुळे ही खूण दिसली म्हणजे कर्करोग सिद्ध झाला असे नाही. मात्र ती तज्ज्ञाकडे जाण्यासाठी पुरेसे कारण आहे.

काळा रंग नसेल तर धोका नाही का?

असे मानणे महागात पडू शकते. नखाच्या मेलॅनोमांपैकी सुमारे पाव भागात काळा रंग फारसा नसतोच. नखाखाली लालसर-गुलाबी गाठ येते, नख उचलले जाते, जखम चिघळते, सहज रक्त येते. नख मांसात घुसल्यासारखे, चामखिळीसारखे किंवा पिकलेल्या नखुरड्यासारखे ते दिसते. मग मलम, बुरशीविरोधी गोळ्या, नख काढणे असे उपचार होत राहतात आणि मूळ आजार आत वाढत राहतो.

नखाचा आणखी एक कर्करोग म्हणजे स्क्वॅमस पेशींचा कर्करोग. तो मेलॅनोमापेक्षा संथ असतो. हाताच्या बोटांवर, विशेषतः मध्यमवयीन आणि वयस्कर पुरुषांत तो अधिक आढळतो. खरखरीत चामखिळीसारखी वाढ, नखाच्या कडेला न भरणारी चीर, नख उचलले जाणे किंवा लाल, पांढरा, कधी काळा पट्टा अशी त्याची रूपे असतात. अनेक रुग्णांत त्याचा संबंध एचपीव्ही-१६ या विषाणूशी आढळतो, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या विषाणूशी. अनेक वर्षे न जाणारी एकाच बोटावरची चामखीळ म्हणूनच बायोप्सीविना सोडून देऊ नये.

२०२४ मध्ये लाल-पांढऱ्या रेघेचाही एक धागा पुढे आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांना ‘बॅप-१’ जनुकात दोष असलेल्या, तीस वर्षांवरील ८८ टक्के सहभागींच्या एकाहून अधिक नखांवर ‘ऑनिकोपॅपिलोमा’ ही निरुपद्रवी गाठ आढळली. या गाठीमुळे नखावर उभी रेघ आणि टोकाशी खरखरीत जाडी येते. हा जनुकीय दोष असलेल्यांना डोळा, त्वचा, मूत्रपिंड आणि फुप्फुसाच्या आवरणाचे कर्करोग होण्याचा धोका अधिक असतो. एका नखावर अशी गाठ असणे सामान्य आहे. ती अनेक नखांवर असेल आणि घराण्यात असे कर्करोग असतील, तर जनुकीय तपासणीचा विचार करता येतो.

बॉब मार्ली यांच्याबाबत काय घडले?

या आजाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जमैकाचे गायक बॉब मार्ली. १९७७ मध्ये त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाला. फुटबॉल खेळताना झालेली ही दुखापत असल्याचा समज आधी होता. डॉक्टरांनी अंगठा काढण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी नाकारला. त्यामागे त्यांच्या रास्ताफारी श्रद्धेचे कारण सांगितले जाते. अखेर नख आणि त्याखालचा भाग काढून मांडीच्या त्वचेचे रोपण करण्यात आले. पुढील तीन वर्षे त्यांचे दौरे सुरू राहिले. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना ते कोसळले, तेव्हा कर्करोग मेंदूसह इतर अवयवांत पसरल्याचे निष्पन्न झाले. ११ मे १९८१ रोजी मायामीत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ३६ वर्षांचे होते.

फुटबॉलमुळे कर्करोग झाला, असे या घटनेवरून म्हणता येत नाही. दुखापतीने बहुधा आधीपासून असलेल्या आजाराकडे लक्ष वेधले. मार किंवा सततचा दाब या कर्करोगाला हातभार लावतो का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. मात्र ‘लागले होते, म्हणून काळे झाले’ या स्पष्टीकरणामुळे निदान लांबते, हे अनेक रुग्णांच्या बाबतीत दिसून आले आहे.

‘हा गोऱ्यांचा आजार’ असे म्हणणे कितपत खरे?

जगात २०२२ मध्ये मेलॅनोमाचे सुमारे ३ लाख ३० हजार नवे रुग्ण नोंदवले गेले. त्यातील बहुसंख्य गोऱ्या वर्णाचे होते आणि सर्वाधिक दर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये आहे. भारतात हा दर वर्षाला लाखामागे एकाहूनही कमी आहे. त्यामुळे मेलॅनोमाविषयीचे जागृतीचे संदेश मुख्यतः ऊन, सनस्क्रीन आणि अंगावरील तीळ यांभोवती फिरतात.

भारतीय रुग्णांत चित्र वेगळे आहे. येथे मेलॅनोमा प्रामुख्याने तळपाय, तळहात आणि नखे अशा ऊन फारसे न लागणाऱ्या जागी होतो. गोऱ्या लोकसंख्येत नखाचा मेलॅनोमा एकूण मेलॅनोमाच्या जेमतेम एक ते तीन टक्के असतो. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत काही अभ्यासांत तो पाचव्या हिश्शापर्यंत जातो. याचा अर्थ सावळ्या लोकांना नखाचा कर्करोग अधिक होतो असा नाही. त्यांना इतर प्रकारचे मेलॅनोमा फार कमी होतात, म्हणून या प्रकाराचा वाटा मोठा दिसतो. ‘नेचर’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील जनुकीय अभ्यासातही, तळपाय आणि नखांच्या मेलॅनोमात उन्हामुळे होणाऱ्या बदलांच्या खुणा तुलनेने फार कमी आढळल्या होत्या.

म्हणजे सावळ्या त्वचेचे उन्हापासूनचे नैसर्गिक संरक्षण या प्रकारात फारसे कामी येत नाही. शिवाय ‘आपल्याकडे असा कर्करोग होत नाही’ हा समज रुग्णाइतकाच डॉक्टरांच्या मनातही असतो. सावळ्या नखांवर साध्या रेघा इतक्या सामान्य असतात, की त्यांच्या गर्दीत धोक्याची एखादी रेघ नजरेतून सहज सुटते.

जेल नेलपॉलिशच्या दिव्याने नखाचा कर्करोग होतो का?

तसा पुरावा आजवर नाही. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या दिव्यांखाली पेशी ठेवल्या होत्या. २० मिनिटांच्या एका सत्रात २० ते ३० टक्के पेशी मेल्या. सलग तीन सत्रांनंतर हे प्रमाण ६५ ते ७० टक्क्यांवर गेले. उरलेल्या पेशींच्या डीएनएमध्येही बिघाड आढळले. मात्र हा प्रयोग बशीतील पेशींवरचा होता. माणसाच्या बोटावर त्वचेचे आणि नखाचे आवरण असते आणि नख अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते. त्यामुळे काळजी करायचीच तर ती नखापेक्षा हाताच्या त्वचेची अधिक. वारंवार जेल लावणाऱ्यांनी आधी हाताला सनस्क्रीन लावावे किंवा बोटांची टोके उघडी राहणारे हातमोजे वापरावेत, असे त्वचारोगतज्ज्ञ सुचवतात. युरोपातील टीपीओवरील बंदीही कर्करोगामुळे नसून, ते रसायन प्रजननक्षमतेस घातक ठरू शकते म्हणून आहे.

नेलपॉलिशचा मोठा तोटा वेगळाच आहे. पॉलिशचा एक थर निघतो आणि त्याच दिवशी दुसरा चढतो. मधल्या काळात नखाकडे कोणी पाहतच नाही. पार्लरमध्ये काम करणाऱ्या व्यक्तीच्या नजरेला मात्र शेकडो उघडी नखे पडतात. तिने ‘ही रेघ डॉक्टरांना दाखवा’ इतके सांगितले, तरी ते मोलाचे ठरते.

निदान कसे केले जाते? बायोप्सीने कर्करोग पसरतो का?

त्वचारोगतज्ज्ञ प्रथम डर्मोस्कोप या प्रकाशझोत असलेल्या भिंगातून नख पाहतात. साध्या रेघेतील बारीक रेषा समांतर, सारख्या जाडीच्या आणि सारख्या अंतरावर दिसतात. मेलॅनोमात त्या जाड-बारीक, तुटक आणि वेगवेगळ्या रंगांच्या असतात. साकळलेले रक्त गोलसर जांभळ्या ठिपक्यांसारखे दिसते. या तपासणीत दुखत नाही आणि अनेकांची चिंता तिथेच मिटते.

संशय राहिला तर बायोप्सी हाच उपाय आहे. रेघ नखावर दिसत असली तरी तिचा उगम मुळात असतो, म्हणून नमुना मुळातूनच घ्यावा लागतो. केवळ नखाचा तुकडा तपासला तर बुरशी समजू शकते, पण कर्करोग नाही हे सिद्ध होत नाही. बोट बधिर करून नख थोडे उचलले जाते आणि मुळाचा पातळ तुकडा काढला जातो. नंतर नखावर चीर किंवा खाच राहू शकते, हे रुग्णाला आधीच सांगितले जाते.

‘सुई किंवा सुरी लागली की कर्करोग पसरतो’ हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. त्वचेच्या मेलॅनोमात बायोप्सीमुळे आजार पसरतो किंवा आयुष्य घटते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. धोका वाढतो तो बायोप्सी टाळल्याने.

उपचार काय? बोट कापावेच लागते का?

हे कर्करोग किती खोल गेला आहे यावर अवलंबून असते. मेलॅनोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजली जाते आणि तीच पुढचे बरेच काही ठरवते. कर्करोगाच्या पेशी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच असतील, तर नख, त्याचे मूळ आणि खालचा भाग हाडापर्यंत काढून त्वचारोपण केले जाते. नख पुन्हा येत नाही, पण बोट राहते. कर्करोग खोल गेला असेल तर बोटाचे शेवटचे पेर, क्वचित त्याहून अधिक भाग काढावा लागतो. पूर्वी संपूर्ण बोट काढण्याकडे कल होता. त्याने आयुर्मान वाढत नसल्याचे अनेक अभ्यासांत दिसल्यामुळे आता शक्य तेवढे बोट वाचवले जाते. ठरावीक खोलीच्या पुढे काखेतील किंवा जांघेतील पहिल्या लसिका ग्रंथीचीही तपासणी होते.

कर्करोग पसरल्यावर प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे वापरली जातात. २०११ पासून आलेल्या इपिलिमुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांनी मेलॅनोमाच्या उपचारांत मोठा फरक पडला. मात्र नख आणि तळपायाच्या मेलॅनोमावर त्यांचा परिणाम उन्हामुळे होणाऱ्या मेलॅनोमापेक्षा कमी दिसतो. ही औषधे बहुतेक कुटुंबांना परवडण्यापलीकडची आहेत. नखाच्या मुळावरची सुरुवातीची छोटी शस्त्रक्रिया आणि पुढची वर्षानुवर्षांची महागडी औषधे यांत फरक असतो तो बऱ्याचदा फक्त वेळेचा.

उशीर टाळण्यासाठी काय करावे?

भारतातील सरकारी कर्करोग तपासणी मोहिमा तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यापुरत्या आहेत. नखाचा कर्करोग इतका दुर्मीळ आहे की त्यासाठी सर्वांची तपासणी करणे व्यवहार्य नाही. त्यामुळे तो लवकर सापडणे हे व्यक्तीच्या स्वतःच्या नजरेवर आणि पहिल्या भेटीतील डॉक्टरच्या नजरेवर अवलंबून आहे.

महिन्यातून एकदा पॉलिश काढून, दिवसाच्या उजेडात हातापायांची वीसही नखे पाहावीत. वयस्करांना वाकून पायाची नखे पाहता येत नाहीत. मधुमेह असलेल्यांना तर पायाची जखम जाणवतही नाही. त्यांची नखे घरातील कोणीतरी पाहावीत. रेघ दिसली तर शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे आणि तारीख नोंदवावी. रेघ एकाच बोटावर असेल, नवी असेल, रुंदावत असेल किंवा रंग त्वचेवर पसरला असेल, तर छायाचित्रांची वाट न पाहता लगेच त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात ही तपासणी होऊ शकते. कर्करोगाचे निदान झाल्यास अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होतात.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक नियम उपयोगी ठरतो. एकाच बोटाचे नख बुरशी, नखुरडे किंवा चामखीळ समजून केलेल्या उपचारांना दाद देत नसेल, तर औषध बदलण्याआधी निदान तपासून पाहावे. काढून टाकलेले नख किंवा मांसाचा तुकडा न फेकता प्रयोगशाळेत पाठवावा. आणि रुग्णाने ‘लागले होते’ असे सांगितले, तरी डाग मुळापासून पुढे सरकला आहे का, हे पुढच्या भेटीत आवर्जून पाहावे.